घोड्याच्या मणक्यातील चकतीचा विकार कसा ओळखावा

घोड्याची मान किंवा पाठ आखडली की चकती, म्हणजे दोन मणक्यांमधील गादी, सरकल्याचा संशय लवकर घेतला जातो. कुत्र्यांतील हा नेहमीचा आजार माहीत असल्यामुळे तसे होत असावे. घोड्याच्या चकत्या मात्र पातळ व तंतुमय असतात आणि कुत्र्याच्या चकतीसारखा मऊ गाभा त्यांत नसतो. त्यामुळे त्यांचा विकार विरळा आढळतो, आणि आढळलाच तर बहुधा मानेच्या बुडाशी किंवा कमरेच्या शेवटच्या सांध्यात. म्हणूनच इतर कारणे एकेक करून वगळत निदानाकडे जावे.

प्रथम घोडा चारा कसा खातो ते पाहावे. जमिनीवरचा चारा टाळणे, तो घेण्यासाठी पुढचे पाय फाकवणे किंवा मान एकाच बाजूला वळवणे ही मानेच्या दुखण्याची चिन्हे असतात. पायाच्या दुखण्यानेही घोडा असाच वागतो, म्हणून लंगडत असल्यास पशुवैद्याकडून पाय बधिर करून तपासणी करून घ्यावी. ही पायरी गाळणे हीच माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

यानंतर मज्जारज्जूवर दाब आहे का हे पाहावे. घोड्याला सपाट जमिनीवर, उतारावर, डोके उंच धरून, लहान वर्तुळात आणि मागे मागे चालवावे, तसेच चालताना शेपूट बाजूला ओढून पाहावी. पाय घासणे, एकमेकांत अडकणे किंवा शेपटीच्या ओढीला प्रतिकारच न होणे, असे दिसल्यास घोड्यावर बसू नये, कारण असा घोडा अचानक कोसळू शकतो. तोल जाण्यामागे मानेच्या मणक्यांतील अरुंद नलिका, सांधेदुखी किंवा नागीण गटातील विषाणूचा संसर्गही असू शकतो. सोबत ताप असल्यास रक्ततपासणी आवश्यक ठरते, कारण चकतीत जंतुसंसर्गही होतो.

क्ष-किरण चित्रात चकती स्वतः दिसत नाही. मणक्यांमधील कमी झालेले अंतर व मणक्यांच्या कडांची वाढलेली घनता एवढेच दिसते. मज्जारज्जूभोवती रंगद्रव्य सोडून काढलेली चित्रे किंवा मानेचे सीटी स्कॅन दाबाची जागा अधिक नेमकी दाखवतात. कमरेची शेवटची चकती गुदमार्गातून केलेल्या अल्ट्रासाउंडने खालच्या बाजूने तपासता येते. मोठ्या घोड्याच्या पाठीचा मधला भाग मात्र सीटी यंत्रात मावत नाही, त्यामुळे तेथे पशुवैद्याने अहवालात 'संभाव्य' असा शब्द वापरला, तर तो टाळाटाळीचा मानू नये.