गल्लीतलं जुनं घर पाडून नवं बांधताय? बेळगावात या चुका टाळा

आमच्या माजघराच्या भिंतीवर बरेच दिवस काचेची एक पट्टी चिकटवलेली होती. बोटाएवढी रुंद, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे आणि खाली पेन्सिलीने लिहिलेली तारीख. शहापुरातल्या आमच्या घराची आणि शेजारच्या घराची भिंत एकच होती. शेजारचं कौलारू घर पाडून चार मजली इमारत उभी करायचं ठरलं आणि कंत्राटदाराने नेमकं जूनच्या पहिल्या आठवड्यात जेसीबी लावून त्या भिंतीला खेटून दहा फूट खड्डा काढला. मिरगाचा पाऊस दोनदा चांगला झोडपून गेला आणि आमच्या भिंतीला रुपयाचं नाणं उभं राहील एवढी भेग पडली. वडिलांचे एक निवृत्त इंजिनिअर मित्र आले, त्यांनी भेगेवर काच आडवी चिकटवली आणि म्हणाले, "काच फुटली तर भिंत अजून सरकतेय असं समजा, आणि त्या खोलीत झोपू नका." अकराव्या दिवशी सकाळी काच मधोमध तडकलेली दिसली.

पुढे आम्हीही आमचं घर नव्याने बांधलं. त्या तीन वर्षांत आम्ही केलेल्या आणि गल्लीत इतरांनी केलेल्या चुका इथे लिहितोय. खडे बाजार, अनगोळ, वडगाव, चव्हाट गल्ली, कुठेही जा, दर चौथ्या घरापुढे वाळू-खडीचा ढीग आहे.

पुण्या-मुंबईचा मसुदा इथे लावू नका

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी चूक. आपण मराठीत वाचतो, आणि मराठीत पुनर्विकासाबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक महाराष्ट्राच्या कायद्याचं असतं. म्हाडा, पुनर्विकासाचे ३३(७) आणि ७९अ हे नियम, डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने करून न दिलेली जमीन सोसायटीच्या नावे करून घेणं), महारेरा यातलं काहीही बेळगावात लागू नाही. आम्हालाही पुण्याच्या मामेभावाने अगदी प्रेमाने एक करारनामा पाठवला होता. त्यात 'सोसायटी स्थापन झाल्यावर जमिनीचं हस्तांतरण करून देण्यात येईल' असं कलम होतं. ते तसंच ठेवलं असतं तर पुढे फ्लॅटधारकांच्या हाती जमिनीचा हक्क नेमका कोणत्या मार्गाने येणार, याचा पत्ताच राहिला नसता.

इथे फ्लॅटच्या इमारतीसाठी कर्नाटकाचा १९७२ चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे. त्यात जागा आणि इमारतीचं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, नोंदवलं जातं आणि प्रत्येक फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा लिहिला जातो. खरेदीखतात तो हिस्सा किती, हे आकड्यात लिहिलेलं आहे का ते बघा. बांधकाम परवाना महानगरपालिकेचा, कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ खाली. लेआउट आणि विकास आराखडा बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे. रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडची, नोंद शोधायची ती कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर. कॅम्पातली जागा असेल तर तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डाचे नियम, आणि बऱ्याच जागांची जमीन संरक्षण खात्याची. तिथला सौदा या लेखावर विसंबून करू नका.

विकास आराखड्यात तुमच्या गल्लीची रुंदी किती धरली आहे हे बांधकामाचा नकाशा काढायच्या आधी विचारा. आज बारा फुटांची गल्ली कागदावर जास्त रुंद दाखवलेली असेल, तर पुढची खोली उद्या रस्त्यात जाते.

कागद वाचल्याशिवाय सही नको, मग तो मोडीत असो की कन्नडमध्ये

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्यामुळे गल्लीतल्या जुन्या घरांची खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत आहेत, काही तर मोडीत. त्यानंतरचे कागद कन्नडमध्ये. आपल्यापैकी कित्येकजण बाजारात कन्नड छान बोलतात, पण सबरजिस्ट्रार ऑफिसातलं दस्ताचं कन्नड वाचणं वेगळं. मग 'वकिलांनी बघितलंय ना' म्हणून सही होते. तसं करू नका. एका जाणकाराला पैसे देऊन दस्त ओळ न ओळ मराठीत लिहून घ्या. मोडीचा कागद असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून देवनागरीत उतरवून घ्या. आमच्या आजोबांच्या मोडी दस्तात 'पूर्वेस सामाईक भिंत' असे तीन शब्द निघाले. शेजाऱ्याशी भेगेवरून वाद झाला तेव्हा त्या तीन शब्दांनी तो मिटवला.

मग चार आकडे एका पानावर मांडा: दस्तातलं क्षेत्रफळ, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यातलं, ई-खात्यातलं (महापालिकेच्या संगणकीय मालमत्ता नोंदीतलं) आणि फीत धरून प्रत्यक्ष मोजलेलं. जुन्या दस्तात चौरस वार असतात, उताऱ्यात चौरस मीटर, आणि बोलताना आपण गुंठे म्हणतो. एक गुंठा म्हणजे १२१ चौरस वार, म्हणजे १०८९ चौरस फूट. आकडे जुळत नसतील तर आधी दुरुस्ती, नंतर नकाशा. ई-खात्यात नाव किंवा माप चुकलं की नोंदणीच्या दिवशी काम अडतं. आणि बी-खाता मिळाला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं समजू नका. तो कर आकारणीसाठीचा खाता आहे.

बोजा प्रमाणपत्र, म्हणजे ईसी, लोक ऑनलाइन काढतात आणि निश्चिंत होतात. ऑनलाइन नोंदी २००४ पासूनच्या आहेत. त्याआधीचा शोध उपनोंदणी कार्यालयात अर्ज देऊन घ्यावा लागतो, आणि गल्लीतल्या घरांचे जुने गहाण त्याआधीचेच असतात.

बहिणींना शेवटी विचारू नका

हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. घर आजोबांच्या नावावर होतं, वडील आणि काकांनी ठरवलं, बिल्डरशी बोलणं झालं, आणि सह्यांची वेळ आली तेव्हा चंदगडला दिलेल्या आत्याची आठवण झाली. कागद घेऊन वडील तिच्या दारात गेले. चहा दिला, सही दिली, आणि म्हणाली, "अण्णा, पैसे नकोत मला. पण सही पाहिजे म्हणून आलास, घर पाडतोय म्हणून सांगायला आला नाहीस."

वडिलांच्या मालमत्तेत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कर्नाटकाने १९९४ मध्ये, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना, जन्मतः हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही तो मिळाला, आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. म्हणजे कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडला दिलेल्या प्रत्येक आत्याची, बहिणीची सही लागते. हक्कसोड करायचं असेल तर ते नोंदवलेलंच हवं. साध्या कागदावरची 'माझी हरकत नाही' बँक मानत नाही. एखादी वारसदार हयात नसेल तर तिच्या मुलांची सही. आमच्याकडे यात आठ महिने गेले, आणि तोवर बिल्डरचा दर बदलला होता.

'रेरा आहे ना' हा भरवसा

गल्लीतल्या बऱ्याच इमारती रेरात येतच नाहीत. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सगळे टप्पे धरून फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. आपल्या गल्लीत तीन गुंठ्यांवर सहा फ्लॅट उठतात. तिथे ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचं बंधन नाही, दोन तृतीयांश ग्राहकांच्या संमतीशिवाय नकाशा बदलू नये हा नियम नाही, आणि बांधकामातला दोष पाच वर्षांत दिसला तर बिल्डरने मोफत दुरुस्त करायचा, हेही आपोआप मिळत नाही. म्हणून या तिन्ही गोष्टी करारात शब्दशः घालून घ्या. बिल्डर नाही म्हणाला तर त्याचा नकार कशाला आहे हे त्याला विचारा. उत्तरावरून बरंच कळतं.

प्रकल्प रेरात असेल तर नोंदवलेल्या कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. दर कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, लावून घ्या. 'सुपर बिल्टअप'वर बोलणी झाली की जिन्याचे, लिफ्टचे पैसे खोलीच्या भावाने मोजले जातात.

जागामालकांसाठी एक. जॉइंट डेव्हलपमेंट करारात (जागा मालकाची, बांधकाम बिल्डरचं) 'निम्मे-निम्मे' लिहून थांबू नका. कोणता मजला, कोणती दिशा, पार्किंगची कुठली जागा, गच्चीचा हक्क कोणाचा, काम लांबलं तर घरभाडं कोण देणार, हे नकाशा जोडून, रंग भरून लिहा. तात्पुरतं भाडं बिल्डर देणार असेल तर ते ताबा मिळेपर्यंत हवं, 'अठरा महिने' असं नको. करार नोंदवलेला असेल तर वैयक्तिक मालकाला आणि एकत्र कुटुंबाला भांडवली नफ्यावरचा कर इमारतीचं पूर्णत्व प्रमाणपत्र मिळाल्याच्या वर्षात लागतो. पण त्याआधीच आपला वाटा विकला तर तो विकल्याच्या वर्षातच भरावा लागतो. गल्लीत एका घराला हे फार महागात पडलं. सही करण्याआधी सीएकडे एक फेरी माराच.

भिंत, माती आणि पाऊस

आता पुन्हा भिंतीकडे. जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, दगडमातीच्या, दीड-दोन फूट जाड. तुळया दोन्ही घरांच्या त्याच भिंतीत खुपसलेल्या असतात. एका बाजूचं घर पाडलं की भिंतीचा एका अंगाचा आधार जातो, आणि उघडी पडलेली माती पाऊस पितो. ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या दिवसांत जिल्ह्यात जी घरं बसली, त्यांत मातीच्या भिंतींची घरं किती होती हे आपण डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून पाया खणायचं काम दसऱ्यानंतर सुरू करा. खड्डा एका दमात पूर्ण लांबीचा काढू नका. शेजारच्या भिंतीलगत चार-पाच फुटांचा तुकडा खणा, भरा, मग पुढचा. जेसीबी भिंतीपासून दूर ठेवा, शेवटचे काही फूट माणसांनी खणू देत. वेळ लागतो, मजुरी वाढते, पण शेजारच्या घरात म्हातारी माणसं झोपलेली असतात.

घर पाडण्याआधी शेजाऱ्याच्या घरात जा आणि प्रत्येक भिंतीचे, आधीच असलेल्या प्रत्येक भेगेचे फोटो काढा, शेजारी तारखेचं वर्तमानपत्र धरून. दोघांच्या सह्यांचा एक कागद करा. यात दोघांचंही रक्षण आहे. आमच्या वेळी शेजाऱ्यांनी हे केलं नव्हतं, त्यामुळे भेग जुनी की नवी यावर दोन महिने वाद चालला. आम्ही बांधायला घेतलं तेव्हा पहिला हाच कागद केला. भेग दिसलीच तर काचेची पट्टी लावा. काच फुटली की काम थांबवायचं, टेकू लावायचे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं.

तळघरातल्या पार्किंगचा मोह टाळा. शहापूर-वडगाव भागात काळी माती आहे, पावसाळ्यात पाणी वर येतं, आणि लेंडी नाला, बळ्ळारी नाला तुंबले की सखल गल्ल्यांतलं पाणी लवकर हटत नाही. जोत्याची उंचीही आजचा रस्ता धरून ठरवू नका. स्मार्ट सिटीच्या कामात काँक्रीटचे रस्ते झाले आणि कित्येक जुन्या घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले. जोतं थोडं चढं ठेवा.

स्लॅबखालचं सेंट्रिंग भाड्याचं असतं म्हणून मेस्त्री ते लवकर काढायला बघतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस. बीमला सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. तारीख खडूने खांबावर लिहून ठेवा.

आणि परड्यातली विहीर बुजवू नका. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर नंतर उपसून पुन्हा शहराच्या पाण्यासाठी वापरात आली. घरची विहीर असेल तर तिच्यावर जाळी टाका, गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडा. कॉलम तिच्यापासून लांब घ्या. आमची विहीर जिन्याखाली आली आहे. नळाला पाणी येत नाही त्या दिवशी अख्खी इमारत तिच्यावर चालते.

ताबा घेताना

किल्ली हातात आली की लोक वास्तुशांतीची तारीख काढतात. आधी ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे ताब्याचं प्रमाणपत्र, मागा. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वीज, पाणी, ड्रेनेजची जोडणी आणि बँकेचं कर्ज हे पूर्णत्वाचं किंवा ताब्याचं प्रमाणपत्र बघूनच द्यावं. मंजूर नकाशापेक्षा एक मजला जास्त चढवला, बाजूचं अंतर सोडलं नाही, की ते प्रमाणपत्र अडतं आणि हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, कायमचा मीटरही. बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर, जास्त दराने, कुटुंबं राहतात. यावर उपाय एकच सापडला: करारात शेवटचा हप्ता प्रमाणपत्राशी बांधून ठेवणं. आम्ही दहावा हिस्सा राखून ठेवला होता. बिल्डर चिडला, चार महिने बोलला नाही, पण पाचव्या महिन्यात प्रमाणपत्राची प्रत घेऊन स्वतः दारात आला. वास्तुशांतीला आत्या चंदगडहून दोन दिवस आधीच आली होती.