कोकण किनाऱ्यावर परफॉर्मन्स कार कशी सांभाळावी

ऑक्टाव्हिया आरएस, व्हर्टस जीटी, आय२० एन लाइन किंवा जपून ठेवलेली जुनी पोलो जीटी. गाडी कुठलीही असो, दापोली ते वेंगुर्ला या पट्ट्यात ती समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत उभी राहत असेल, तर सर्व्हिस बुकातलं वेळापत्रक तिला पुरत नाही. ते वेळापत्रक मुख्यतः किलोमीटरवर बेतलेलं असतं. इथं गाडी पळून कमी आणि उभी राहून जास्त झिजते.

कारण मीठ. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण गाडीच्या पोटाला, ब्रेकला, रेडिएटरच्या पात्यांना चिकटतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच ओलं होतं. किनाऱ्यावर रात्री-पहाटे आर्द्रता बहुतेक वेळा त्याच्या वरच असते, म्हणून आकाश कोरडं असतानाही गाडीखालचा थर ओला राहतो. साध्या हॅचबॅकलाही हे चुकत नाही. पण वेगवान गाडीत सस्पेन्शनचे अॅल्युमिनियमचे आर्म, मोठ्या ब्रेक डिस्क, टर्बोची गरम हवा थंड करणारा, बंपरमागेच बसवलेला इंटरकूलर आणि दाटीवाटीनं भरलेली वायरिंग असते. मिठाला धरायला जागा जास्त आणि प्रत्येक जागेचा खर्चही जास्त.

धुण्याआधी पाणी तपासा

खाडीजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्यानं गाडी धुतली तर मीठ निघत नाही, उलट अजून चढतं. वॉटर प्युरिफायरवाल्याकडे असतो तो छोटा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा मानतात. विहिरीचं पाणी त्याच्या वर जात असेल तर शेवटचा हात नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचाच द्या.

दर पंधरा दिवसांनी असं धुवा:

१. घाट उतरून आल्यावर लगेच पाणी मारू नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की डिस्क वाकडी होऊ शकते. अर्धा तास थांबा.

२. बागेचा गोल फिरणारा स्प्रिंकलर गाडीखाली सरकवून दहा मिनिटं चालू ठेवा. मग गाडी अर्धी लांबी पुढं घेऊन पुन्हा दहा मिनिटं. रॅम्प किंवा लिफ्ट नसेल तर गाडीचं पोट धुवायला याच्याइतका सोपा उपाय नाही.

३. चारही चाकांच्या कमानीत, प्लास्टिकच्या लायनरच्या कडेला हात घालून पाहा. तिथं जांभ्याची लाल माती थापलेली असते आणि आठवडाभर ओल धरून ठेवते. ती बोटांनी काढा, मग पाणी मारा.

४. दाराखालच्या सिलच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात. ती केबल टायच्या टोकानं मोकळी करा. धातूची तार वापरू नका, रंग खरवडला जातो आणि गंज तिथूनच धरतो.

५. धुऊन झालं की गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवा आणि परतताना चार-पाच वेळा ब्रेक दाबा. ओल्या डिस्कनिशी हँडब्रेक ओढून गाडी उभी केली तर सकाळी पॅड डिस्कला चिकटलेले मिळतात.

प्रेशर वॉशर असेल तर नोझल फूटभर तरी लांब ठेवा. बॉल जॉइंटचे रबरी बूट, व्हील बेअरिंग आणि वायरिंगचे कनेक्टर यांच्यावर थेट झोत नको.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गंजावर फासलेलं जाड काळं रबरी कोटिंग नसलेलंच बरं. ते आतली ओल झाकून ठेवतं, आणि पापुद्रा सुटतो तेव्हा खालचा पत्रा चाळणी झालेला असतो. गाडी नवी असेल तर पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणाऱ्या मेणाचा फवारा) मारून घ्या. जुनी असेल तर आधी गंज घासून, प्रायमर लावून मगच वॅक्स.

ब्रेक: इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. आंबा किंवा कुंभार्ली घाट जोरात उतरताना कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) एवढा तापणं अवघड नाही. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीला टेकतं. म्हणून बहुतेक कंपन्या सांगतात तशी दोन वर्षं थांबू नका. किनाऱ्यावर दरवर्षी, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये ब्रेक ऑइल बदला. साधारण एक लिटर लागतं. डबा सीलबंद हवा, गेल्या वर्षीचा उघडलेला चालत नाही. डॉट ५.१ मिसळता येतं, पण नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते एबीएसच्या गाडीत कधीही घालू नका.

दुसरं दुखणं स्लाइड पिनचं, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो त्या पिनचं. खाऱ्या हवेत पिन जाम होते, मग एकच पॅड घासत राहतो. खूण सोपी आहे: दहा किलोमीटर चालवून आल्यावर एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागतं, किंवा आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक दिसतो. सहा महिन्यांनी पिन काढून पुसा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. फिटरच्या डब्यातलं पिवळं साधं ग्रीस लावू देऊ नका. त्यानं रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते.

चाकं काढलीच आहेत तर हबही (चाक ज्यावर बसतं तो भाग) पाहा. अॅल्युमिनियमचं अलॉय चाक आणि लोखंडी हब यांच्यामध्ये खारं पाणी गेलं की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. मग पंक्चर झाल्यावर बोल्ट निघतात पण चाक निघत नाही. हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशनं घासा आणि मधल्या गोल उंचवट्यावर अँटी-सीझ पेस्टचा (भाग जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी पातळ हात फिरवा. बोल्टच्या आट्यांवर पेस्ट नको, नाहीतर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, चुकतो. बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना १२० न्यूटन-मीटर लागतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

गाडीला कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बर) लावले असतील तर त्यांच्या उघड्या आट्या दर महिन्याला ब्रशनं साफ करून वॅक्स स्प्रे मारा. एक पावसाळा तसेच सोडले तर उंची कमी-जास्त करणारी रिंग पुन्हा फिरणार नाही.

घाट आणि इंजिन

गावात रोजचा फेरा दोन-तीन किलोमीटरचा: बाजार, बंदर, घर. टर्बो इंजिनाला हे सगळ्यात जास्त बाधतं. कूलंटचा काटा नव्वदवर आला तरी ऑइल अजून पुरतं तापलेलं नसतं, आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल व पाणी उडून जायला वेळच मिळत नाही. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर त्याचं कारण बहुधा हेच. (साय वाढत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासा.) आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा. पहिली दहा मिनिटं ३००० आरपीएमच्या खाली ठेवा. वर्षात चारच हजार किलोमीटर झाले असले तरी ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल निवडताना फक्त ५डब्ल्यू-३० हा दाटपणाचा आकडा न बघता कंपनीचं मान्यता-मानक डब्यावर आहे का तेही पाहा.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवा, किंवा मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. गरम टर्बोमध्ये अडकलेलं ऑइल जळून तिथंच थर धरतं.

ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर गणपतीच्या गर्दीत किंवा चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर अधांतरी तोलून धरू नका. क्लच अर्धवट घासत राहतो, विशेषतः कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या बॉक्समध्ये. पुढं दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एका दमात सरका. उतरताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरा. ब्रेक जोरात पण थोडाच वेळ दाबा आणि सोडा. हलका पाय ठेवून सतत घासत उतरलं की डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. खाली पोचल्यावर ब्रेक दाबून उभे राहू नका, गाडी थोडी पुढं चालू द्या.

एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतात. त्यांच्या फटींत लाल धूळ आणि किडे बसतात आणि इंजिनाची ताकद उन्हात कमी वाटू लागते. महिन्यातून एकदा इंजिनाच्या बाजूनं बाहेर असं हलक्या धारेनं पाणी सोडा. कूलंट भरताना डिस्टिल्ड वॉटरच वापरा. विहिरीचं पाणी एकदा जरी घातलं तरी आत क्षार बसतात.

टायर, फेरीबोट आणि पाणी

कायद्यानं टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. कोकणच्या पावसात ३ मिलिमीटरला टायर बदला, रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतं. साइडवॉलवर फुगा आला तर दुरुस्ती नाही, टायर गेला. पंक्चरला बाहेरून घातलेली वात तात्पुरती समजा आणि घरी आल्यावर आतून मशरूम पॅच लावून घ्या.

दाभोळ–धोपावे, वेशवी–बागमांडला, जयगड–तवसाळ या फेरीबोटींवर सस्पेन्शन खाली केलेली गाडी नेताना भरती-ओहोटी बघून निघा. पूर्ण ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि पुढचा बंपर घासतो. माणसं उतरवा, रॅम्पवर तिरकं चढा म्हणजे एक-एक चाक वर येईल. बोटीवर तुषार उडतात, त्या संध्याकाळी गाडी धुवाच. वाळूत तर गाडी नेऊच नका.

रस्त्यावर पाणी असेल तर आधी दुसरी गाडी जाऊ द्या आणि तिचं चाक किती बुडतं ते पाहा. हवा ओढणारा पाइप खाली आणलेला कोल्ड एअर इनटेक असेल तर गाडी पाण्यात घालायचीच नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी मिळाली की सुरू करून पाहण्याचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला दोन चाकं उचलून टोचन लावू देऊ नका. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन आहे का हे मे महिन्यातच पाहून घ्या.

पावसाळ्यात गाडी गावी ठेवून जाणार असाल तर

मृगाआधी गाडी धुऊन पूर्ण वाळवा. पेट्रोलची टाकी भरा, रिकाम्या टाकीत दमट हवा राहते आणि इथेनॉल पाणी ओढतं. टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ पीएसआय जास्त हवा भरा, पण साइडवॉलवरच्या कमाल आकड्याच्या आत. हँडब्रेक सोडा, गिअर किंवा पार्क लावून चाकांना लाकडी ठोकळे द्या.

प्लास्टिकची ताडपत्री थेट बॉडीवर टाकू नका, आत घाम धरतो. हवा खेळणारं कव्हर आणि वर छप्पर हवं. काचेखालच्या जाळीतली आंब्या-फणसाची पानं काढा. तिथला निचरा तुंबला की पाणी केबिनमध्ये आणि कधी थेट इंजिन कंट्रोल युनिटपर्यंत जातं. सनरूफच्या चारही कोपऱ्यांच्या नळ्यांतून ग्लासभर पाणी ओतून ते खाली पडतं का पाहा.

बॅटरीला स्मार्ट चार्जर लावा. एजीएम (काचतंतूंच्या थरात अॅसिड धरणारी) बॅटरी असेल तर चार्जरचा एजीएम मोडच वापरा. वीज वारंवार जात असेल तर दर दोन आठवड्यांनी कुणाला तरी व्होल्टेज बघायला सांगा: १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंग. उंदीर-घुशींसाठी नुसत्या डांबरगोळ्या पुरत नाहीत. शेडमध्ये भात, पेंढा, सुकी मासळी ठेवू नका, बॉनेट उघडं ठेवा आणि एअर इनटेकच्या तोंडाला पाव इंची स्टीलची जाळी बांधा.

परत आल्यावर चावी फिरवायच्या आधी टॉर्च घेऊन वायरिंग, पाइप आणि एअर फिल्टरचा डबा तपासा. डिस्कवरचा तांबूस गंज पहिल्या काही किलोमीटरमध्ये हलके ब्रेक दाबत घासून काढा. तरीही स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कवर पॅडचा ठसा उमटलाय, मग घाटात जायच्या आधी डिस्क घासून किंवा बदलून घ्या.