रिपोर्ट हातात आल्यावर या चुका टाळा

पाऊस उघडला, साचलेल्या पाण्यात डास होऊन डेंग्यू पसरला की परभणी-जालन्यापासून उमरग्यापर्यंत फोनवर एकच निरोप फिरतो, "पेशी कमी झाल्यात, दहा हजारावर आल्यात." कोणत्या पेशी, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडं प्लेटलेट्सना सर्रास 'पांढऱ्या पेशी' म्हणतात आणि घोळ तिथंच होतो. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण 4,000 ते 11,000 असतात. प्लेटलेट्स रक्तस्राव थांबवतात. त्या 1.5 लाख ते 4.5 लाख असतात. पांढऱ्या पेशी 10,000 असतील तर चिंता नको, पण प्लेटलेट्स 10,000 असतील तर पेशंट त्याच घटकेला दवाखान्यात हवा. डेंग्यूत दोन्ही उतरू शकतात, म्हणून निरोप देताना रिपोर्टवरचं नाव वाचून दाखवा. फोटो पाठवलात तर उत्तमच.

आकडा बरा दिसला म्हणून पेशंटला घरी झोपवून ठेवणं ही त्याहून मोठी चूक. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त नाजूक असतात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर आकड्याची वाट पाहू नका. पपईच्या पानांचा रस आणि किवीच्या शोधात वेळ घालवू नका. अंग दुखतंय म्हणून मेडिकलवरून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन आणू नका, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

'निगेटिव्ह' वाचून काही जण आजही दचकतात. शोधलेली गोष्ट सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र डेंग्यूची एनएस-1 तपासणी तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांतच भरवशाची असते. आठव्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नव्हताच, असं धरू नका.

आता बायकांच्या सोनोग्राफीबद्दल आणि आतून केलेल्या तपासणीबद्दल. इथं शब्दाच्या भीतीनं अवयव गेलेत. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या, आणि 2019 मध्ये राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. कोयता थांबला की मजुरी बुडते, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. त्यात कुणी 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल' म्हणालं, की उचल घेऊन ऑपरेशन होतं.

रिपोर्टवर नेमकं काय असतं? 'बल्की युटेरस' म्हणजे पिशवी नेहमीपेक्षा थोडी मोठी. बाळंतपणं झालेल्या बाईत हे सहज दिसतं. 'फायब्रॉइड' म्हणजे पिशवीच्या स्नायूची गाठ. ती कॅन्सर असणं फार दुर्मीळ, आणि पाळी गेल्यावर बहुतेकदा आकसते. 'सर्व्हिकल इरोजन'ला 'पिशवीच्या तोंडाला जखम' म्हणतात, पण ती बहुधा जखम नसतेच. आतलं नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला दिसत असतं, इतकंच. अंगावरून पांढरं जाण्यावर बऱ्याचदा गोळ्यांनी भागतं.

ऑपरेशन कधीच नको, असं नाही. औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल किंवा कॅन्सर सिद्ध झाला असेल तर ते करावंच लागतं. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर लाजून गप्प बसू नका. पण कॅन्सरची भीती घातली गेली तर आधी पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडाच्या पेशी कॅन्सरसाठी तपासणं) करून मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. अंबाजोगाई, लातूर, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. नुसती पिशवी काढणार की अंडाशयही, हे सही करण्याआधी विचारा. तरुणपणी दोन्ही अंडाशयं गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात.

किनवट-माहूरकडं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कार्डावरून सोयरीक मोडते. 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे आजारी. वाहक मुलगी किंवा मुलगा सहसा धडधाकट असतो. अडचण येते ती दोघंही वाहक असतील तर, कारण मग प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून कार्ड लपवू नका, दोघांचीही तपासणी करून घ्या.

शुगरचं थोडक्यात सांगतो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा, 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 पासून पुढं मधुमेह. गोळी चालू असताना आकडा चांगला आला तर तो गोळीमुळं आलाय. ती आपल्या मनानं बंद करू नका.

आणि 'वारं गेलं', 'लकवा मारला' म्हणून मालिशवाल्याकडं धावणं सोडाच. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, त्याला स्ट्रोक म्हणतात. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण 4.5 तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन पाहून. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं की 108 लावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यातच न्यायला सांगा. निघताना त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून घ्या. झोपेतून उठतानाच दिसला असेल तर माणूस शेवटचा धड कधी होता, ती वेळ लिहा.