गोष्ट लिहिताना जरा डोळे मिटा

तुम्ही लिहिलेल्या कथेतलं एखादं पान घ्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा. भिंतीचा रंग, कपडे, चेहरा, खिडकीतलं ऊन. पान भरून जाईल. आता कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्या वाट्याला काय आलंय ते दुसऱ्या रंगाच्या पेनाने शोधा. बहुतेक वेळा तो रंग पानावर जेमतेम दोनदा उमटतो. आपण काय वगळतो हे लिहिण्याच्या भरात कळत नाही, म्हणून सुरुवात इथून करायची.

मग ठरवा, हे सगळं कोणाला जाणवतंय. माझ्या मते पंचेंद्रियांचं लेखन इथेच साधतं किंवा फसतं. एकाच लाकडी जिन्याने तीन माणसं वर येतात. सुताराचा हात कठड्यावरून फिरतो आणि रंधा कुठे नीट फिरलेला नाही ते त्याच्या बोटांना कळतं. गुडघे धरलेल्या आजींना प्रत्येक पायरीची उंची कळते. रात्री उशिरा चोरपावलांनी घरी येणाऱ्या मुलाला मात्र कुठली पायरी करकरते ते पाठ असतं. जिना तोच, पण त्याचं वर्णन करता करता तीन माणसं उभी राहिली. पात्राला जे जाणवणारच नाही ते कितीही सुंदर असलं तरी लिहू नका.

क्रमही शरीराचाच ठेवा. भर उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागू शकतात. म्हणजे आधी हात, कान आणि नाक कामाला लागणार, कोपऱ्यातलं कपाट नंतर दिसणार. नाक उलट काही मिनिटांतच वासाला सरावतं. त्यामुळे घराचा वास पाहुण्याला येतो, घरच्यांना येत नाही, आणि तो लिहायचा तर पात्र आत शिरतानाच. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. वीज एक किलोमीटरवर चमकली तर गडगडाट तीन सेकंदांनी पोचतो. तेवढ्या वेळात तुमचं पात्र श्वास रोखून उभं राहू शकतं.

आता एक उदाहरण जवळून पाहू. पहिला खर्डा असा: ‘घर बरीच वर्षं बंद होतं. आत शिरताच तिला खूप उदास वाटलं.’

पुन्हा लिहिल्यावर: ‘कुलपात किल्ली दोनदा अडकली. दार ढकललं तसा कुबट वास अंगावर आला. ती उंबऱ्यातच थांबली. मग भिंत चाचपत बटणापर्यंत हात नेला, तर पोपडे बोटांना लागून खाली पडले. बटण दाबलं. खट् झालं. दिवा लागला नाही.’

‘उदास’ हा शब्द गेला आणि उदासी आली. ‘बरीच वर्षं’ सांगायचंही काम उरलं नाही.

यात ‘तिला वास आला’, ‘तिला आवाज ऐकू आला’ अशी वाक्यंही नाहीत. ‘दार करकरल्याचा आवाज तिच्या कानावर पडला’ यापेक्षा ‘दार करकरलं’ पुरतं. ऐकण्याची धडपड हाच प्रसंग असेल, तर मात्र ‘ऐकू आलं’ ठेवा.

शब्द निवडताना आपल्या भाषेचा हात सोडू नका. नुसता ‘घाण वास’ कशाला, जेव्हा कुबट, खवट, करपट, आंबूस, उग्र असे वेगवेगळे शब्द हाताशी आहेत? खळखळ म्हटलं की पाणी वाहतंय, टपटप म्हटलं की ते गळतंय. खरखरीत, बुळबुळीत, लिबलिबीत हे शब्द उच्चारतानाच जिभेला स्पर्श जाणवतो. हे आपलं मोठं धन आहे आणि लिहिताना आपण ते फार कमी खर्च करतो.

चव सगळ्यात अवघड, कारण ती फक्त जेवणाच्या प्रसंगातच आठवते. पण भीतीने घशाला कोरड पडते, दाताखाली ओठ आला की रक्ताची धातूसारखी खारट चव लागते, वावटळीत दातांखाली माती कचकचते.

सरावासाठी रोज दहा मिनिटं डोळे मिटून एका जागी बसा आणि उठल्यावर पाच वाक्यं लिहा. ‘दिसणं’ वापरायचं नाही, उपमाही नाही. पहिले काही दिवस वाक्यं सुचत नाहीत. तरी बसा.

शेवटी छाटणी. एका प्रसंगात पाचही इंद्रियांची हजेरी लावायची गरज नसते, दोन-तीन पुरतात. परिच्छेद मोठ्याने वाचा, प्रत्येक तपशील झाकून पाहा आणि ज्याच्यावाचून काही अडत नाही तो खोडा. वरच्या उताऱ्यात मी शेवटी पालीची चुकचुकही लिहिली होती. ती काढली, कारण दिवा न लागल्यानंतरची शांतता तिने मोडत होती.