घर थंड ठेवताना या चुका टाळा : बिल वाढते, उकाडा मात्र हटत नाही

उन्हाळ्यात घर थंड ठेवण्याची खटपट बहुतेक घरांत उलट्या टोकाने सुरू होते. छत आणि भिंती दिवसभर तापू द्यायच्या, त्यांतील उष्णता खोल्यांत उतरू द्यायची आणि मग ती बाहेर काढण्यासाठी आधी मोठा कूलर, नंतर एसी आणि शेवटी दोन्ही एकदम चालवायचे, असा हा क्रम असतो. घरात शिरलेली उष्णता बाहेर काढायला वीज लागते आणि तिचे पैसे मोजावे लागतात. ती शिरण्याआधीच अडवायला मात्र बहुतेक वेळा चुना, बांबूची चिक आणि खिडक्या वेळेवर उघडण्या-मिटण्याची शिस्त एवढेच पुरते. पुढील विवेचन मुख्यतः नागपूर, अकोला, चंद्रपूर, जालना अशा कोरड्या उष्ण भागांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. मुंबई-कोकणाची हवा दमट असल्याने तेथील हिशेब वेगळा आहे आणि तो शेवटी स्वतंत्रपणे दिला आहे.

तक्रार पहिली : ऊन उतरले तरी छत तापलेलेच असते

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. मे महिन्यात उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचा पृष्ठभाग दुपारी ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. ही उष्णता स्लॅबमधून खाली उतरायला काही तास घेते, त्यामुळे बाहेर गार वारा सुटू लागतो त्याच सुमारास घरातील छत सर्वाधिक तापलेले असते. अशा वेळी पंखा पूर्ण वेगाने लावला की छताजवळची गरम हवाच खाली येते, आणि लोक पंख्याला दोष देतात.

येथे पहिली चूक होते ती उपाय आतून करण्याची. छताला आतून पांढरा रंग दिल्याने किंवा शोभेचे पीओपीचे छत बसवल्याने थोडा फरक पडतो, पण तोपर्यंत स्लॅब तापून चुकलेला असतो. ऊन गच्चीवरूनच परतवले पाहिजे. त्यासाठी चुन्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून घ्याव्यात. चुना आदल्या रात्री भिजवून, गाळून, त्यात चिकटण्यासाठी डिंक मिसळावा आणि ओलसर केलेल्या स्लॅबवर संध्याकाळी दोन-तीन हात द्यावेत. भर उन्हात दिलेला चुना वाळून भुकटी होतो आणि पहिल्या वाऱ्याला उडतो. चुन्याचे काम एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही, हा त्याचा दोष खरा आहे. ज्यांना दरवर्षीची यातायात नको असेल त्यांनी परावर्तक पांढरा लेप किंवा पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक करून घ्यावे.

दुसरी चूक अशी की, एकदा पांढरी केलेली गच्ची नंतर विसरली जाते. धूळ बसून ती करडी झाली की परावर्तन घटते, म्हणून मार्च ते मे या काळात ती अधूनमधून झाडावी आणि पाणी पुरेसे असल्यास पुसून घ्यावी. गच्चीवरील पावसाचे पाणी साठवणाऱ्यांनी पहिल्या पावसाचे पाणी टाकीत न घेता वाहू द्यावे.

हिरवी जाळी लावणारे बरेच जण ती स्लॅबवर अंथरतात किंवा अगदी टेकवून बांधतात. जाळी स्वतः तापते आणि खालून वारा खेळला नाही तर ती उष्णता स्लॅबलाच मिळते. ती किमान हातभर, शक्य असल्यास डोक्याइतक्या उंचीवर ताणावी.

तक्रार दुसरी : जाड पडदे लावूनही खोली तापते

काचेतून ऊन आत येते, पडदा तापतो आणि पडद्याची उष्णता काचेतून परत बाहेर जाऊ शकत नाही. ती खोलीतच राहते. त्यामुळे सावली काचेच्या बाहेरच्या बाजूला हवी. बांबूची चिक, वाळ्याची ताटी, बाहेरून बसवलेली झडप किंवा कुंडीतून चढवलेला वेल यांपैकी काहीही चालते, आणि आतल्या दोन पडद्यांपेक्षा बाहेरची एक साधी चिक अधिक काम करते.

कोणती खिडकी आधी झाकावी, याबाबतही गफलत होते. दक्षिणेकडून ऊन येते अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि हिवाळ्यापुरती ती बरोबर आहे. मे महिन्यात मात्र सूर्य माध्यान्ही जवळपास डोक्यावर असतो. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तो यामुळेच. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर फारसे ऊन पडत नाही. खरा मारा गच्चीवर आणि त्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर होतो. तिसऱ्या प्रहरी सूर्य खाली आलेला असल्याने पश्चिमेच्या खिडकीवरील छज्जाचाही उपयोग होत नाही. तेथे उभी सावलीच लागते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी गच्चीवर आणि मग पश्चिमेवर खर्च करावेत, असे माझे मत आहे. पूर्वेला सकाळचे काही तास चिक सोडली तरी भागते.

तक्रार तिसरी : खिडक्या उघड्या ठेवूनही हवा गरमच येते

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातील दुपार आणि पहाट यांच्या तापमानात साधारण १५ अंशांचा फरक असतो. एवढी मोठी फुकटची सोय असताना पुष्कळ घरांत खिडक्या दिवसभर उघड्या आणि रात्री बंद असतात, म्हणजे नेमके उलटे चालते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम होऊ लागताच खिडक्या-दारे मिटावीत आणि संध्याकाळी बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की उघडावीत. घड्याळापेक्षा साधा तापमापक बरा. एक आत व एक बाहेर सावलीत टांगला की अंदाज चुकत नाही.

रात्री हवा खेळण्यासाठी समोरासमोर दोन वाटा लागतात. स्वयंपाकघराचा किंवा जिन्याच्या वरच्या टोकाचा एक्झॉस्ट पंखा तासभर चालवला, तर वर साचलेली गरम हवा निघून जाते आणि भिंती गार होऊ लागतात. डासांच्या जाळ्या धुळीने बुजलेल्या असल्यास हवा अडते, त्या धुऊन घ्याव्यात. चोरीच्या भीतीने खालच्या मजल्यावरील खिडक्या उघडता येत नसतील, तर निदान वरची झरोक्याची तावदाने उघडी ठेवावीत.

तक्रार चौथी : कूलर चालू आहे, पण खोली चिकट होते

या भागातील घरांत सर्वाधिक चुका कूलरच्याच बाबतीत होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

कूलर हवेला थंड करतो तो पाण्याची वाफ करून. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते, आणि हे सर्व काम दीडशे-दोनशे वॅटच्या पंख्यात व पंपात होते. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या स्थितीतील कूलर साधारण २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. मात्र ही हवा बाष्पाने भरलेली असते. ती एकदा खोलीतून फिरली की बाहेर जायलाच हवी. एसीच्या सवयीमुळे लोक कूलर लावून दारे-खिडक्या घट्ट मिटतात. मग तीच दमट हवा पुनःपुन्हा फिरते, नवीन पाण्याचे बाष्प होईनासे होते आणि अर्ध्या तासात अंग चिकट होते. कूलरच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी ठेवावी. वाट पुरेशी आहे की नाही, हे पाहण्याची खूण सोपी आहे: दाराचा पडदा बाहेरच्या दिशेला फडफडत राहिला पाहिजे. ज्या खोलीत गारवा न्यायचा असेल तिची खिडकी उघडून मधली इतर दारे मिटली, तर एकाच कूलरची हवा हवी तिथे वळवता येते.

याच कारणाने कूलर खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवणे ही चूक आहे. त्याच्या तिन्ही बाजूंच्या ताट्यांना, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या पॅडना, बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे. म्हणून तो खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असावा, वर सावली असावी, पण ताट्या आणि भिंत यांमध्ये हवा येण्याइतके अंतर सुटलेले असावे.

हवा जोरात येते पण गार लागत नाही, अशी तक्रार असेल तर आधी ताट्या पाहाव्यात. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून वरच्या पन्हळीची भोके बुजतात आणि ताटीवर कोरडे पट्टे राहतात. त्या पट्ट्यांतून गरम हवा तशीच आत शिरते. भोके तारेने मोकळी करावीत. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या केसांच्या ताट्या दर हंगामाला बदलाव्यात. हनीकोंब पॅड अधिक वर्षे टिकतात, मात्र टाकीतील पाणी नुसते वरून भरत राहिल्यास क्षारांचे प्रमाण वाढून तेही दगडासारखे होतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे या कामाचे त्याहूनही मोठे कारण आहे. सुरू करताना आधी काही मिनिटे फक्त पंप चालवून ताट्या भिजू द्याव्यात आणि मग पंखा लावावा.

टाकीत बर्फ टाकण्याचा प्रकार अनेक घरांत दिसतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक लिटर पाण्याचे बाष्प होताना शोषली जाते. शिवाय तो बर्फ करायला फ्रिजने वीज जाळलेली असते आणि ती उष्णता घरातच सोडलेली असते. बर्फ सरबतासाठी ठेवावा.

कूलरच्या पत्र्यात वीज उतरून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात, म्हणून विजेची बचत बाजूला ठेवूनही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाणी भरताना किंवा ताट्यांना हात लावताना बटण बंद करून प्लग काढावा, तीन पिनांचाच प्लग वापरावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि घराच्या मुख्य बोर्डावर गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा.

तक्रार पाचवी : पंखे आणि एसी दोन्ही आहेत, तरी बिल आवाक्याबाहेर

पंखा खोली थंड करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा केवळ वीज खातो आणि ती उष्णतेच्या रूपात खोलीत सोडतो. खोलीतील हवा ४० अंशांच्या पुढे गेली असेल, तर नुसता पंखा शरीराला गार करण्याऐवजी तापवू लागतो. अशा वेळी कूलरची किंवा ओल्या कापडाने अंग पुसण्याची जोड लागते. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिटे वाचतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचे तारांकन (स्टार रेटिंग) सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानात तुलना करणे आता सोपे आहे.

एसी १८ अंशांवर लावला की खोली लवकर गार होते, ही समजूत जात नाही. जुन्या, ठरावीक वेगाच्या एसीचा कॉम्प्रेसर १८ वर आणि २५ वर सारख्याच जोराने काम करतो. १८ वर तो फक्त थांबत नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबानुसार तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतील अशी सक्ती आहे. २६-२७ अंश आणि सोबत मंद पंखा ही जोडी बहुतेकांना पुरते. याउलट एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी लावणे हा निव्वळ तोटा आहे, कारण कूलर जे बाष्प हवेत सोडतो तेच काढण्यात एसीची वीज खर्च होते. एसीच्या आतील धूळ अडवणारी जाळी पंधरवड्याला धुवावी. बाहेरचे युनिट बंद बाल्कनीत किंवा शोभेच्या पत्र्याआड कोंडलेले असेल, तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढते आणि सर्व्हिसिंग करूनही तक्रार तशीच राहते.

महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. त्यामुळे महिनाअखेरीच्या थोड्या जादा वापराला वरचा दर लागतो. मीटरवर नजर ठेवून टप्पा ओलांडण्याआधीच्या आठवड्यात रात्री एसीऐवजी खिडक्या आणि कूलर वापरल्यास फरक बिलात दिसतो.

किनारपट्टी आणि पावसाळा

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत ३४ अंश तापमानाला ६५ टक्के आर्द्रता असली, तर उत्तम कूलरही हवा ३० अंशांपलीकडे फारशी गार करू शकत नाही आणि दमटपणा तेवढा वाढवतो. तेथे कूलर घेणे हीच मूळ चूक ठरते. खेळती हवा, चांगला पंखा, बाहेरची सावली आणि गरजेपुरता एसी एवढेच उपाय लागू पडतात. एसी घेतानाही खोलीच्या मानाने फार मोठा घेऊ नये, कारण तो पटकन गार करून थांबतो आणि दमटपणा पुरता निघत नाही. कोकणातील मंगळुरी कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जात असे. त्याखाली प्लास्टिक ताणून ती वाट बंद करणाऱ्यांनी आढ्याजवळ तरी फट ठेवावी.

विदर्भातही जूनमध्ये हवा बदलली की तोच नियम लागतो. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. हंगाम संपल्यावर ताट्या काढून, टाकीतील क्षार खरवडून, पत्रा कोरडा करून त्याच्या गंजलेल्या जागी रंगाचा हात द्यावा आणि मगच कूलर झाकून ठेवावा.