सीईटीचा स्कोअर कमी आला? आधी जुना मॉक परत काढा

एमबीए सीईटीचा निकाल बघून वाटलं की आता जमनालाल नाही, सिडनहॅम नाही, मुंबईतलं एकही चांगलं एमबीए कॉलेज नाही, तरी लगेच दादरला नवीन क्लास शोधायला जाऊ नका, आधी मार्क गेले कुठे ते बघा. माझं स्पष्ट मत आहे की खूप जणांचा घोळ अभ्यासात नसतो, वेळेत असतो.

पेपर २०० प्रश्नांचा, वेळ १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला फक्त ४५ सेकंद. त्यात लॉजिकलचेच, म्हणजे तर्काचे, ७५ प्रश्न. एका सीटिंग अरेंजमेंटला (कोण कुठे बसलंय ते शोधायचं कोडं) हट्टाने आठ मिनिटं दिली की दहा प्रश्नांचा वेळ गेला, आणि त्या दहात सरळ सोपे प्रश्नही असतात हो!

म्हणून एक जुना मॉक, म्हणजे आधी वेळ लावून दिलेला सराव पेपर, घ्या आणि टायमर न लावता परत सोडवा. मार्क भरपूर वाढले तर तुम्हाला येतंय, फक्त प्रश्न निवडणं जमत नाहीये. फारसे वाढले नाहीत तर बेसिक कच्चं आहे, मग टक्केवारी, रेशो, सरासरी इथूनच परत सुरुवात करा, त्याला शॉर्टकट नाही. आणि वेळ लावून दिला होता तेव्हा गेलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत लिहा: येत नव्हता, येत होता पण चुकला, की तिथपर्यंत पोचलोच नाही.

न पोचलेले जास्त असतील तर पझलला दीड मिनिट द्या, तेवढ्यात मांडणी बसायला लागली नाही तर खूण करून पुढे. सुरुवातीला जिवावर येतं पण सवय होते. आकडेमोडीत चुकत असाल तर ३० पर्यंतचे वर्ग आणि १/७ म्हणजे साधारण १४.२९ टक्के असली रूपांतरं पाठच करा, विरार लोकलमध्ये पुस्तक उघडायला जागा नसते पण डोक्यात हे करता येतं. ॲबस्ट्रॅक्टचे, म्हणजे आकृत्यांचे, २५ प्रश्न लोक उगाच सोडून देतात, रोज थोड्या आकृत्या केल्या की फिरवणं, मोजणं, शेडिंग हेच प्रकार पुन्हा पुन्हा दिसायला लागतात.

निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, मॉकमध्येही शेवटची तीन मिनिटं उरलेले भरायलाच ठेवा. आणि नोकरी असेल तर रविवारी एकच मॉक द्या, पण सोमवार-मंगळवार फक्त त्याचं ॲनालिसिस, नवीन काहीही नाही.