रंग ओला पोहोचला पाहिजे : विमानांच्या प्रतिकृती एअरब्रशने रंगवतानाचे अनुभव

विमानांच्या प्रतिकृती रंगवायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षे मी प्रत्येक चुकलेल्या रंगकामाचा दोष एअरब्रशला (दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या, हातात धरायच्या उपकरणाला) देत होते आणि दर वेळी तो पूर्ण उघडून धुवत होते. खरे कारण बहुतेक वेळा वेगळेच असे. नोझलमधून, म्हणजे एअरब्रशच्या टोकाच्या बारीक तोंडातून, सुटलेला रंगाचा बारीक कण प्लास्टिकवर पडेपर्यंत किती ओला उरतो, यावर त्या थराचे रूप ठरते. हवेचा दाब, थिनरचे (रंग पातळ करणाऱ्या द्रवाचे) प्रमाण, हाताचे अंतर आणि त्या दिवसाची हवा या चारही गोष्टी शेवटी त्या ओलेपणावरच परिणाम करतात. नवशिक्यांनी एवढे ध्यानात ठेवले, तर कुठे पाहायचे हे लवकर कळते.

मला हे कळले ते मिग-२१ या लढाऊ विमानाच्या १/७२ प्रमाणाच्या मॉडेलवर. ही विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात बनत असत, त्यामुळे ते मॉडेल मला मनापासून चांगले करायचे होते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम १० सेंटीमीटर. एवढ्या लहान पृष्ठभागावर रंगाचा खडबडीतपणा लगेच डोळ्यांत भरतो. पंख जिथे धडाला मिळतो त्या कोपऱ्यात माझा रंग बारीक रव्यासारखा बसला होता आणि बोट फिरवल्यावर त्याची भुकटी बोटाला लागत होती. एप्रिलमधली दुपार, ३० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाब आणि हात जवळजवळ वीतभर लांब, त्यामुळे रंग वाटेतच वाळत होता. शिवाय अशा कोपऱ्यात हवा आपटून उलटी फिरते आणि अर्धवट वाळलेले कण तिथेच साचतात. तेव्हापासून मी असे कोपरे कमी दाबाने सगळ्यांत आधी रंगवते आणि मोकळा पृष्ठभाग नंतर घेते.

याच्या उलट दोष म्हणजे रंगाला कोळ्यासारखे पाय फुटणे. रंग फार पातळ असला किंवा हात फार जवळ असला, की हवा ओल्या रंगाला चहूकडे ढकलते. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला, तर रंग पोहोचला खरा, पण सपाट पसरण्याइतका ओला नव्हता असे समजावे आणि थिनर थोडे वाढवावे किंवा सावकाश वाळणारे थिनर वापरावे. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला मी १५ ते २० पीएसआय दाब आणि ५ ते ८ सेंटीमीटर अंतर यापासून सुरुवात करते. दाब मात्र ट्रिगर दाबून हवा चालू असतानाच वाचावा, कारण हवा सुटली की काटा खाली येतो. एअरब्रशवरच्या रंगाच्या कपाच्या कडेला लावलेला रंग साय काढलेल्या दुधासारखा पातळ पापुद्रा मागे ठेवत ओघळला पाहिजे. आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या चमच्यावर आधी चाचणी घ्यावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दाब आणि थिनर दोन्ही एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पावसाळ्यातला त्रास निराळा आहे. मुंबईत जुलैमध्ये मी टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर सलग चालवला, तेव्हा तो तापला, गरम दमट हवा नळीत जाऊन थंड झाली, तिच्यातले पाणी सुटले आणि ते थेट पंखावर उडाले. पाण्याचा थेंब पडला असेल तर रंग बाजूला सरून मध्ये फिकट गोल डाग दिसतो. नोझलमधल्या सुईच्या टोकावर वाळलेला रंग उडाला असेल तर गडद, उंच ठिपका दिसतो. पहिल्यासाठी मॉइश्चर ट्रॅप (हवेतले पाणी अडवणारा भाग) बसवावा, कॉम्प्रेसरला विश्रांती द्यावी आणि टाकी असेल तर तिच्यातले पाणी काढून टाकावे. दुसऱ्यासाठी थिनरमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने सुईचे टोक दर काही मिनिटांनी पुसावे आणि अ‍ॅक्रिलिक रंगात रिटार्डरचे (रंगाचे वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब घालावेत. दमट दिवशी लॅकर (झटकन उडणाऱ्या द्रावकातला रंग) किंवा मॅट वार्निश मुळीच मारू नये, असे माझे ठाम मत आहे: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प बसते आणि थर दुधाळ पांढरा होतो.

एअरब्रशचा स्वतःचा दोष ओळखण्याच्या दोन खुणा मला उपयोगी पडल्या आहेत. कपातल्या रंगात बुडबुडे येत असतील, तर नोझल नीट बसलेले नाही किंवा चिरलेले आहे, म्हणून हवा उलटी रंगाच्या वाटेत शिरते. एक नोझल मी पाना जोरात फिरवून चिरले आहे. एवढ्या लहान आट्यांना बोटाच्या चिमटीपेक्षा किंचितच जास्त जोर पुरतो. फवारा सतत एका अंगाला जात असेल, तर सुई अलगद फिरवत तिचे टोक नखावरून ओढावे. वाकलेले टोक नखाला ओरखडते.

मास्किंग टेपबरोबर रंग निघून येणे हा दोष तर एअरब्रश हातात घेण्यापूर्वीच घडलेला असतो. किटचे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून द्यायचा पहिला थर) मारावा, रंग एक दिवस वाळू द्यावा, आणि टेप आधी तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा. लॅकर मारताना खिडकी उघडी ठेवून द्रावकाची वाफ शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्कच लावावा. साध्या कापडी मास्कने ती वाफ अडत नाही.

त्या मिगवरची खरखर मी २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासून काढली आणि पुन्हा रंग मारला. तिरंगी वर्तुळांची डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चित्र) लावण्यापूर्वी त्यावर चकचकीत वार्निशचा थर दिला, कारण खडबडीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि ती कडेने रुपेरी दिसू लागते. धडाला टेकलेल्या त्या कोपऱ्यात मात्र पेपर पोहोचला नाही. तिथला रवा अजूनही बोटाला लागतो.